कॅल्शियम + डी३ + के२ एकत्र असलेली गोळी: आईसाठी नेमकी कुठली, किती आणि केव्हा?

कोलशेतकर (ठाणे)

नमस्कार मंडळी,

आईचं वय ६४, वजन ५२ किलो, मुक्काम कोलशेत रोडला चौदाव्या मजल्यावर. डेक्सा (हाडांची घनता मोजणाऱ्या) तपासणीत कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत घनता किती, तो आकडा) −२.३ आणि खुब्याचा −१.९ आला. रक्तात २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी १४ नॅनोग्रॅम, कॅल्शियम ९.२, क्रिएटिनिन ०.८. फ्रॅक्चर किंवा मुतखडा कधी झालेला नाही.

रोजची औषधं: सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल ४०, आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० + क्लोरथॅलिडोन १२.५.

आता हाडांसाठी म्हणून घरात जमलेल्या गोष्टी, लेबलवर आहे तशा:

अ) डॉक्टरांनी लिहून दिलेलं डी३ चं ६०,००० युनिटचं पाकीट, आठवड्याला एक, आठ आठवडे. चिठ्ठीत पुढे 'कॅल्शियम रोज एक' एवढंच आहे.
आ) त्या ओळीवर दुकानातून मिळालेली स्ट्रिप: कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ + डी३ २५० युनिट.
इ) मावशीने सुचवलेली एकत्र गोळी: कॅल्शियम सायट्रेट १००० मिग्रॅ + डी३ १००० युनिट + के२-७ ४५ मायक्रोग्रॅम + मॅग्नेशियम १०० मिग्रॅ + झिंक ४ मिग्रॅ.
ई) शेजारून आलेली सॉफ्टजेल: कॅल्सिट्रिऑल ०.२५ मायक्रोग्रॅम + कॅल्शियम कार्बोनेट ५०० मिग्रॅ + मिथाइलकोबालमिन १५०० मायक्रोग्रॅम + ओमेगा-३.
उ) अमेरिकेहून आलेली पन्नाशीपुढच्यांची मल्टिव्हिटॅमिन: रेटिनॉल, डी३ १००० युनिट, बायोटिन ५००० मायक्रोग्रॅम आणि बरंच काही.

यातलं काय एकत्र चालेल? इ मध्ये सगळंच आहे म्हणून फक्त तीच दिली तर पुरेल का? आणि थायरॉइडच्या गोळीबरोबर वेळा कशा बसवायच्या?

---

नौपाडा_औषधी

आधी ई बाजूला ठेवा, आईंना देऊ नका. कारण डॉक्टर मंडळी नीट सांगतील. मी लेबलापासून सुरुवात करतो, कारण निम्मा घोटाळा तिथेच असतो.

गोळीवर मोठ्या अक्षरात असतो तो क्षाराचा आकडा. आपल्याला हवं असतं 'एलिमेंटल कॅल्शियम', म्हणजे त्या क्षारातलं प्रत्यक्ष कॅल्शियम. कार्बोनेटमध्ये ते ४० टक्के असतं, सायट्रेटमध्ये २१ टक्के. म्हणून आ ची १२५० म्हणजे ५०० मिग्रॅ, इ ची १००० म्हणजे जेमतेम २१०, आणि ई ची ५०० म्हणजे २००. '१००० ची गोळी चालू आहे, रोजची गरज भागली' असं समजून पुष्कळ घरांत निर्धास्त बसतात आणि खरं तर पाचवा हिस्साच पोटात जात असतो. उलट चूकही तितकीच होते: ५०० लिहिलंय म्हणून कमी समजून दोन-दोन घेतात, आणि ते ५०० एलिमेंटलच असतं. लेबलवर 'इक्विव्हॅलंट टू एलिमेंटल कॅल्शियम' ही ओळ शोधा. ती नसेल तर वरच्या टक्केवारीने स्वतः काढा.

दुसरा मुद्दा पॅन्टोप्राझोलचा. कार्बोनेट विरघळायला जठरातलं आम्ल लागतं, म्हणून ते नेहमी जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्याझाल्या घ्यायचं. आईंचं आम्ल औषधाने मुद्दाम कमी ठेवलंय, तेव्हा कार्बोनेट त्यांना तितकं लागू पडणार नाही. शिवाय त्याने गॅस आणि बद्धकोष्ठ जास्त होतं. सायट्रेटला आम्लाची गरज नसते, पोट भरलेलं असो वा रिकामं. त्यामुळे आ आणि इ यांत आईंसाठी इ चा पाया बरा. डॉक्टरांना मात्र विचारून ठेवा की पॅन्टोप्राझोल अजून लागतंय का. अशा गोळ्या वर्षानुवर्षं चालू असलेल्यांत फ्रॅक्चरचं प्रमाण थोडं जास्त आढळलंय. आपल्या मनाने एकदम बंद करू नका, आम्ल उसळतं.

वेळा. थायरॉक्सिन आणि कॅल्शियम यांत किमान चार तास हवेत. कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतं, ते रक्तात कमी जातं आणि दोन-तीन महिन्यांत टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारा रक्तातला आकडा) वर सरकतो. मग थायरॉक्सिनचा डोस वाढवला जातो, दोष असतो वेळेचा. सहाला थायरॉक्सिन, एकच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, इतकं सोपं ठेवा. मॅग्नेशियम, लोह आणि झिंक यांनाही हेच अंतर लागू, म्हणून एकत्र गोळी किंवा मल्टिव्हिटॅमिन सकाळच्या चहाला कधीच नको.

एका वेळी ५०० मिग्रॅपेक्षा जास्त एलिमेंटल कॅल्शियम घेऊन उपयोग नाही, आतडं तेवढं उचलत नाही. जास्त हवं असेल तर दुपारी आणि रात्री असं विभागायचं.

कुणाला अँटिबायोटिक लागलं तर: सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन यांनाही कॅल्शियम असंच अडवतं. चार-पाच दिवसांचा कोर्स असेल तर तेवढे दिवस कॅल्शियम थांबवलं तरी हाडांचं काही बिघडत नाही.

---

आहार_वाशी

गोळ्या मोजण्याआधी ताट मोजा. कोलशेतकर, आईंचं रोजचं दूध-दही किती, नाचणी किती वेळा, एवढं सांगितलंत तर हिशेब करता येईल.

---

कोलशेतकर

दोन वेळच्या चहात मिळून साधारण १५० मिली दूध, दुपारी एक वाटी दही, नाचणीची भाकरी आठवड्यातून दोनदा, बाकी पोळी-भाजी-वरण-भात. मासे रविवारी.

---

आहार_वाशी

१०० मिली दुधात साधारण १२० मिग्रॅ कॅल्शियम, म्हणजे १५० मिलीचे १८०. लहान वाटीभर दह्याचे साधारण १५०. पोळी, डाळ, भाज्या मिळून २००-२५० धरा. एकूण साडेपाचशेच्या आसपास. आयसीएमआर-एनआयएनने २०२० साली प्रौढांसाठी रोज १००० मिग्रॅ आणि पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी १२०० सांगितलंय. तूट साडेसहाशेची. ही सगळी गोळीने भरायची नाही.

नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिग्रॅ. एका मध्यम भाकरीला ५० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे एक भाकरी पावणेदोनशे. रोज रात्री पोळीऐवजी एक भाकरी, बाकी काही बदलू नका. नाचणीतल्या फायटेटमुळे सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही. मोड आणून दळली तर फायटेट उतरतं. आंबिलीसाठी पीठ रात्रभर ताकात भिजवणं त्याच कारणाने चांगलं. एक पेला जास्त दूध, म्हणजे २०० मिलीचे २४०. दूध नको असेल तर तेवढंच दही. ताक मोजताना त्यात दही किती घातलं तेच मोजा. पातळ ताकाचा पेला म्हणजे दह्याचा पेला नव्हे.

पालक आणि अळूच्या आकड्यांवर विसंबू नका. तक्त्यात कॅल्शियम भरपूर दिसतं, पण ऑक्झलेट त्याला बांधून ठेवतं आणि अगदी थोडं शोषलं जातं. मुळ्याचा पाला आणि नवलकोलाचा पाला या कुळातलं कॅल्शियम चांगलं लागतं. भाजीवाला पाला तोडून देऊ का विचारतो तेव्हा नको म्हणा आणि घरी आणून भाजी करा. न पाखडलेल्या तिळाची चटणी चमचाभर, तिचे साधारण शंभर, त्यातलं काही ऑक्झलेटमुळे वाया जाईल. मासे: पापलेट-सुरमईच्या तुकडीतून कॅल्शियम फारसं मिळत नाही, कारण ते काट्यात असतं. मांदेली, सुकट असे काट्यासकट खाल्ले जाणारे मासे उपयोगी. आईंना बीपी आहे, तेव्हा सुकट खारवलेली असेल तर दोन पाण्यांत धुऊन घ्या.

म्हणजे भाकरी आणि पेलाभर दूध एवढंच रोज जमलं तरी साडेनऊशेपर्यंत पोचतो. उरते तूट अडीचशेची. त्याला इ ची एक गोळी झाली. ज्या दिवशी दूध-दही चुकेल त्या दिवशी दोन, दुपारी एक आणि रात्री एक.

'+एफ' चिन्हाच्या पिशवीतल्या दुधाबद्दल गैरसमज असतो म्हणून: त्यात लिटरमागे डी फक्त २०० ते ३०० युनिट घातलेलं असतं. पेलाभर दुधात चाळीस ते साठ. चौदाचा आकडा त्याने वर येणार नाही.

आणि प्रथिनं. ५२ किलोला किमान ५०-५२ ग्रॅम रोज. नुसत्या पोळी-भाजी-पातळ वरणावर पस्तीस-चाळीसच होतात. हाडाचा सांगाडा प्रथिनांचा असतो, कॅल्शियम त्यावर बसतं. वरण घट्ट करा, रोज एक वाटी मोड आलेली उसळ द्या.

---

अस्थिविकार_ठाणे

वरच्या दोघांचं बरोबर आहे. मी ई, उ आणि के२ घेतो.

कॅल्सिट्रिऑल आणि डी३ ही एकच गोष्ट नाही. आपण खातो ते डी३ यकृतात २५-हायड्रॉक्सी डी होतं (रक्तात तपासतात ते हेच) आणि मग किडनी त्यातून गरजेपुरतं कॅल्सिट्रिऑल बनवते. किती बनवायचं हे शरीर ठरवतं, आणि हीच सुरक्षेची झडप आहे. कॅल्सिट्रिऑल थेट दिलं की ती झडप वगळली जाते. किडनीचा जुना आजार किंवा पॅराथायरॉइडची कमतरता असेल तिथे ते हवंच. आईंची किडनी ठीक आहे. त्यांची कमतरता साठ्याची आहे, आणि कॅल्सिट्रिऑलने साठा भरत नाही. महिनोन्महिने घेऊनही रिपोर्ट चौदाचा चौदाच राहू शकतो आणि दरम्यान रक्तातलं कॅल्शियम मात्र वाढू शकतं.

त्यात आईंच्या बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन आहे. या गटातली औषधं लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतात. हाडांसाठी ते चांगलंच, पण त्यावर ६०,००० ची पाकिटं, आ, इ, ई, उ असं सगळं चढवलं तर रक्तातलं कॅल्शियम साडेदहाच्या वर जायला वेळ लागत नाही. भूक मरणं, मळमळ, वाढलेलं बद्धकोष्ठ, सतत तहान, वारंवार लघवी, बोलण्यात गोंधळ, यांतलं काही दिसलं तर सगळी सप्लिमेंट थांबवून त्याच दिवशी सीरम कॅल्शियम आणि क्रिएटिनिन करा. काही दिसलं नाही तरी क्लोरथॅलिडोन चालू आहे म्हणून महिना-दीड महिन्याने एकदा कॅल्शियम बघून घ्या.

डी३ चं गणित: ६०,००० आठवड्याला म्हणजे दिवसाला साधारण ८,५०० युनिट, आठ आठवड्यांत ४ लाख ८० हजार. कोर्स म्हणून योग्य आहे, कायमचा डोस म्हणून नाही. कोर्स संपल्यावर दिवसाला १००० ते २००० युनिट पुरतात. महिन्याला एक पाकीट घेतलं तरी तेच होतं, ६०,००० भागिले ३० म्हणजे २०००. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय रोज ४००० च्या वर जाऊ नका. सगळ्यात घातक चूक म्हणजे आठवड्याचं पाकीट रोज घेणं. चिठ्ठीतला शब्द वाचता आला नाही की हे होतं आणि माणूस किडनी बिघडून दाखल होतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठ रविवारांवर गोल करा आणि पाकिटं वेगळ्या डब्यात ठेवा.

'मोठा डोस एकदाच घेऊन मोकळं व्हावं' हेही नको. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिले, तर त्यांच्यात पडण्याचं आणि फ्रॅक्चरचं प्रमाण वाढलं.

के२: हाडातल्या ऑस्टिओकॅल्सिन या प्रथिनाला कॅल्शियम धरता यावं म्हणून व्हिटॅमिन के लागतं, एवढं पक्कं. त्यावरून 'के२ कॅल्शियमला हाडात पाठवतं' अशी जाहिरात होते, आणि ती पुराव्यापेक्षा बरीच पुढे जाते. जपानमध्ये के२ हाडांचं औषध म्हणून देतात ते एमके-४ प्रकारचं, दिवसाला ४५ मिलिग्रॅम. आपल्या गोळीत आहे एमके-७ (लेबलवरचं के२-७), ४५ मायक्रोग्रॅम. आकडा तोच, मात्रा हजारपट वेगळी, प्रकारही वेगळा. तिथल्या अभ्यासांचा दाखला इथल्या गोळीला लावता येत नाही. आईंना याने अपाय नाही, पण के२ नसलेली सायट्रेट + डी३ ची स्वस्त गोळी मिळाली तर ती घेतल्याने काही हुकतंय असं मानू नका.

बी१२ बद्दल तेच. ई मध्ये ते १५०० मायक्रोग्रॅम आहे. बी१२ कमी असेल तर ते अवश्य घ्यावं, हाडं मजबूत होतील म्हणून नव्हे. होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) वाढलेल्या वयस्कांना बी१२ आणि फॉलिक ॲसिड दोन वर्षं देऊन हॉलंडमध्ये बघितलं, एकूण फ्रॅक्चर कमी झाले नाहीत.

उ: रेटिनॉल, म्हणजे प्राणिज रूपातलं व्हिटॅमिन ए, जास्त झालं तर हाडाला मारक ठरतं. मल्टिव्हिटॅमिन आणि कॉड लिव्हर ऑइल दोन्ही चालू असणाऱ्यांनी हे जरूर मोजावं. बायोटिनचा वेगळाच त्रास: त्याने थायरॉइडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे खोटे येतात. टीएसएच प्रत्यक्षात कमी नसताना कमी दिसतो, आणि थायरॉक्सिन चालू असलेल्या माणसाचा डोस त्यावरून कमी केला जाऊ शकतो. उ बंदच ठेवा. कधी घेतलीच तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस थांबवा.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. गोळी तूट भरून काढते, तुटीपलीकडे ताकद देत नाही. १९९२ साली फ्रान्समधल्या वृद्धाश्रमांतल्या स्त्रियांना १२०० मिग्रॅ कॅल्शियम आणि ८०० युनिट डी३ दिलं तर खुब्याचे फ्रॅक्चर स्पष्ट कमी झाले, कारण त्या स्त्रियांत डी ची कमतरता खरोखर होती. उलट अमेरिकेतल्या २०२२ च्या व्हायटल अभ्यासात २५,८७१ लोकांत रोज २००० युनिट देऊन फ्रॅक्चर कमी झाले नाहीत, कारण बहुतेकांची पातळी आधीच पुरेशी होती. आई पहिल्या गटाच्या जवळ आहेत, म्हणून त्यांना डी हवंच. पण −२.३ हा आकडा गोळ्यांनी −१ होणार नाही. उंची तरुणपणापेक्षा चारेक सेंटीमीटर कमी झाली असेल किंवा पाठीत नवीन दुखणं असेल तर मणक्यांचा बाजूने एक्स-रे काढा. दबलेला मणका निघाला तर टी-स्कोअर काहीही असो, तो ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) आणि त्याला वेगळं औषध लागतं. डॉक्टरांना फ्रॅक्सचा (पुढच्या दहा वर्षांत फ्रॅक्चर होण्याची शक्यता काढण्याचा) हिशेब करायला सांगा, त्यात भारतासाठीचं गणित उपलब्ध आहे. आईंच्या आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का, हे त्यात विचारतील, आधी घरी विचारून ठेवा. टीएसएच सुद्धा ताजा करा. थायरॉक्सिन गरजेपेक्षा जास्त होत असेल तर त्यानेही हाड झिजतं.

---

कोलशेतकर

इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. ई आणि उ बंद केलं. आणखी चार शंका:

१. पाकीट कशाबरोबर? विसरलं तर?
२. बाबांना हृदयाच्या झडपेसाठी ॲसेनोकुमारॉल (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू आहे. आईची इ ची बाटली त्यांनीही घ्यावी का?
३. गॅलरीत काच आहे, सकाळी सात-साडेसातला ऊन येतं. आई तिथे बसते. पुरेल का?
४. इ ची गोळी मोठी आहे, तोडून चालेल का?

---

अस्थिविकार_ठाणे

२ आधी. बाबांना इ ची बाटली अजिबात नको. ॲसेनोकुमारॉल आणि वॉरफेरिन व्हिटॅमिन के च्या विरुद्ध काम करतात. ४५ मायक्रोग्रॅम एमके-७ नेही आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) उतरू शकतो, आणि झडप असलेल्या माणसात आयएनआर उतरणं म्हणजे झडपेवर गुठळी होण्याची भीती. एखाद-दुसरी गोळी घेऊन झाली असेल तर लपवू नका. त्यांच्या डॉक्टरांना कळवा आणि आयएनआर लवकर करून घ्या. त्यांना कॅल्शियम-डी लागत असेल तर के नसलेली गोळी, तीही विचारून. ॲपिक्साबान, रिव्हारॉक्साबान, डॅबिगाट्रान या नव्या औषधांना के ची अशी अडचण नाही, पण बाबांचं औषध ते नाही. घरात दोन माणसांच्या गोळ्या एकाच डब्यात ठेवत असाल तर आजच वेगळ्या करा.

---

नौपाडा_औषधी

१. डी३ स्निग्धात विरघळतं, म्हणून मुख्य जेवणानंतर, पेलाभर साय न काढलेल्या दुधात किंवा पाण्यात. उपाशीपोटी नको, एकादशीला तर नकोच. रविवार हुकला तर सोमवारी-मंगळवारी घ्या आणि पुढचं परत रविवारी. दोन पाकिटं एकदम घेऊ नका.

४. साध्या लेप असलेल्या गोळीचे दोन तुकडे करून घेता येतात, लेबलवर 'सस्टेन्ड रिलीज' असं नसेल तर. गोळी पेलाभर पाण्याबरोबर बसून घ्यायची, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. चघळायच्या गोळ्यांत साखर असते, मधुमेही असतील तर बघून घ्या. मल्टिव्हिटॅमिन गमीजमध्ये कॅल्शियम बहुधा अगदी थोडं असतं.

खरेदीबद्दल थोडं. डब्यावर चौदा आकडी एफएसएसएआय नंबर आणि 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असेल तर ते अन्नपूरक आहे. औषध असेल तर निर्मिती परवान्याचा नंबर असतो. कमतरता भरायला आठवड्याचं पाकीट औषध गटातलंच घ्या. साधी कॅल्शियम-डी३ जनऔषधी केंद्रात बरीच स्वस्त मिळते. 'कोरल कॅल्शियम'ला जास्त पैसे देऊ नका, तेही कार्बोनेटच. स्ट्रिपमधून गोळ्या काढून आठवड्याच्या डबीत भरत असाल तर पावसाळ्यात एका आठवड्यापुरत्याच काढा. आपल्याकडच्या दमट हवेत लेप चिकट होतो आणि सॉफ्टजेल एकमेकांना चिकटतात.

---

उपवन_फेरी

३ चं उत्तर: काचेमागे बसून डी बनत नाही. त्वचेत डी बनवणारे अतिनील-बी किरण खिडकीची काच जवळजवळ पूर्ण अडवते. सात-साडेसातच्या कोवळ्या उन्हातही ते फार कमी असतात, कारण तिरक्या उन्हाला हवेचा जाड थर ओलांडावा लागतो.

सोपी खूण सावलीची. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच त्या उन्हाचा उपयोग. ठाणे १९ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे मे महिन्यात ती साडेनऊलाच आखूड होते (मेच्या मध्यावर तर शून्य सावलीचा दिवस असतो), डिसेंबरात मात्र जेमतेम साडेअकरा ते दीड एवढाच वेळ मिळतो. आपल्या सावळ्या त्वचेला हात-पोटऱ्या उघड्या ठेवून वीस-तीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस. उन्हाळ्यात डोक्यावर टोपी किंवा पदर घ्या आणि साडेदहाच्या आत आटपा. बीपीच्या गोळीने पाणी कमी होतं, भर दुपारी उभं राहून चक्कर यायला नको. जून ते सप्टेंबर ढगांमुळे यावर अवलंबून राहता येत नाही. घोडबंदर, कोलशेतच्या टॉवरांत खालच्या बागेवर दुपारपर्यंत सावलीच असते, गच्ची उघडी असेल तर तिथे जा.

चौदावरून वर यायला पाकिटं लागतीलच. ऊन पुढे टिकवायला.

---

आहार_वाशी

मुतखड्याबद्दल कुणी विचारलं नाही, पण वाचणाऱ्यांना उपयोगी: मुतखड्याच्या भीतीने दूध-दही बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं, त्याने खड्याचा धोका कमीच होतो. गोळीने मात्र तो थोडा वाढतो. अमेरिकेत ३६,२८२ स्त्रियांना १००० मिग्रॅ कॅल्शियम आणि ४०० युनिट डी देऊन केलेल्या अभ्यासात (२००६) खडे १७ टक्क्यांनी वाढले होते. म्हणून आधी ताट, मग गोळी, आणि खडा होऊन गेलेल्यांनी सायट्रेट जेवणाबरोबरच घ्यावं.

---

कोलशेतकर

बाबांनी एकही गोळी घेतलेली नाही, विचारून खात्री केली. डबे वेगळे केले. आईचं वेळापत्रक असं लावतोय, चूक असेल तर सांगा:

सकाळी ६: थायरॉक्सिन, साध्या पाण्याबरोबर. ६.३०: चहा.
८.३०: नाश्ता, बीपीची गोळी, त्यानंतर पॅन्टोप्राझोल.
दुपारी १: जेवण, इ ची एक गोळी. रविवारी डी३ चं पाकीटही.
रात्री ८: नाचणीची भाकरी, घट्ट वरण. ९.३०: पेलाभर दूध.
आठ आठवडे संपल्यावर लगेच डी ची तपासणी आणि सहा महिन्यांनी डेक्सा.

---

नौपाडा_औषधी

पॅन्टोप्राझोल नाश्त्यानंतर नाही, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. म्हणजे आठला. चहा सातपर्यंत लांबवता आला तर थायरॉक्सिनला आणखी बरं. बाकी ठीक.

---

अस्थिविकार_ठाणे

डी ची तपासणी आठव्या आठवड्याला करू नका, शेवटचं पाकीट ताजं असताना आकडा फुगलेला दिसतो. सुरुवातीपासून तीन-चार महिन्यांनी, पाकिटं संपून महिनाभर रोजचा डोस चालू असताना करा. ३० च्या आसपास आला की पुरे, ६०-७० गाठायची गरज नाही. रिपोर्टचं एकक बघा: काही लॅब नॅनोमोल देतात, त्याला अडीचने भागलं की आपला आकडा येतो.

डेक्सा सहा महिन्यांनी करून काही कळणार नाही. तेवढ्या काळात होणारा बदल मशीनच्या चुकीइतकाच असतो. दीड-दोन वर्षांनी, शक्यतो त्याच केंद्रात आणि त्याच मशीनवर करा. मधल्या काळात सोसायटीत मोफत हाड तपासणीचं शिबिर लागलं आणि टाचेवर यंत्र लावून आकडा दिला, तर तो डेक्साच्या आकड्याशी ताडू नका. ते टाचेचं अल्ट्रासाउंड असतं, प्राथमिक चाळणीपुरतं.

आणि रात्री दूध प्यायल्यावर आईंना उठावं लागत असेल तर दूध साडेसातला द्या. अंधारात बाथरूमकडे जाताना पडणं हेच त्यांच्या वयात खुबा मोडण्याचं मोठं कारण आहे. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रदिवा, बाथरूममध्ये धरायला दांडा आणि पाय न सरकणारी चटई, हे या आठवड्यातच करून घ्या.